बायोस अपडेट आणि चटणी

जंगलालगतच्या मोहर्लीत घरामागे आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. त्यांचं बुकिंग मी घरच्या कॉम्प्युटरवर बघते. हा कॉम्प्युटर जरा वेळ तसाच सोडला की झोपी जायचा आणि काही केल्या उठायचा नाही. चंद्रपूरच्या दुकानदाराला फोन केला.

"बाई, बायोस अपडेट करा. घरीच होते," तो म्हणाला. बायोस म्हणजे बटन दाबल्यावर कॉम्प्युटरला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, हेही त्यानंच सांगितलं.

अख्खी सकाळ त्यात गेली. फाइल उतरता उतरता नेट गेलं. मग कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हच दिसेना. दुसरा लावला, तेव्हा कुठे पडद्यावरची पट्टी सरकू लागली. वर सूचना होती, वीज बंद करू नका. पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरनं सांभाळलं म्हणून सुस्कारा सोडते तोच स्वयंपाकघरात सासूबाईंनी मिक्सर लावला.

"बाई, बंद करा तो!" मी ओरडले.

"काऊन वं? चटणीच तं वाटून राह्यली!"

इन्व्हर्टर केकाटला आणि बसला. लाइट आल्यावर कॉम्प्युटरचा पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच.

नवरा सफारीत गाइड आहे. दुपारी घरी आला आणि म्हणाला, "चालू होता तं हात काऊन लावला?" मी ताटं वाढायला घेतली. तोंड उघडलं असतं तर घरात कोणी जेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसनं चंद्रपूर गाठलं.

दुकानदार म्हणाला, "अपडेट सुरू असताना लाइट जाऊ द्याची नसते."

"हे लाइटले सांगून पाहा ना, भाऊ!"

तो हसला. मला हसू आलं नाही. त्यानं बायोसची चिप काढून तिच्यात प्रोग्रॅम नव्यानं भरला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. झोपेतूनही उठू लागला.

घरी आणला तर एकही साइट उघडेना. प्रत्येक वेळी तेच, 'ही साइट सुरक्षित नाही.' नेटवाल्याशी फोनवर भांडले, राउटर बंद-चालू केला. शेवटी कोपऱ्यातली तारीख दिसली. दुरुस्तीत कित्येक वर्षं मागे गेलेली! ती बदलली आणि सगळं उघडलं.

आलेले मेल वाचले. दोन पाहुण्यांनी उत्तराची वाट बघून दुसरीकडे खोली घेतली होती. तिसऱ्यानं विचारलं होतं, 'वाघ नक्की दिसेल का?'

मी कॉम्प्युटर बंद केला आणि भात टाकायला गेले.