एटापल्लीची दुसरी लाइन

गडचिरोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून एटापल्लीला दोन लाइनी जात, त्याच खांबांवरून, शेजारी शेजारी. पहिलीवर सगळे बोलत. दुसरी, पहिली पडलीच तर असावी म्हणून. ऑपरेटर इंदुताई रामटेके रोज सकाळी दोन्ही तपासत. पलीकडच्या टोकाला ऑपरेटर जंगू आत्राम असे. दुसरीवर त्याचा आवाज कापडाआडून आल्यासारखा येई, पण येई. "दुसरी चालू," असे एकमेकांना सांगून दोघे कामाला लागत.

१९८६च्या ऑक्टोबरात इंदुताई या आवाजाची वाट पाहू लागल्या. त्यांची मुलगी कमळा एटापल्लीच्या दवाखान्यात नर्स होती, आणि तिलाच मलेरियाने धरले होते. रस्ता पावसात खचलेला, एसटी आलापल्लीपर्यंतच. जंगू घरी जाताना तिच्या खोलीवर डोकावे आणि सकाळी सांगे, "ताप हाये, बाई. पण पेज पेली."

अशात हुकूम आला: उद्यापासून आठवडाभर पहिली लाइन बंद. तारा बदलायच्या होत्या. "दुसरी आहेच की," एक्स्चेंजचे साहेब म्हणाले. दुसरी चालू असल्याचे रोज इंदुताईंनीच कळवले होते.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडून तसाच ठेवला. एक गोष्ट आठवत होती. मागे एकदा दुसरीवर त्यांना एका व्यापाऱ्याचे बोलणे ऐकू आले होते, आणि तो तर पहिलीवर बोलत होता. शेजारच्या तारांत एकीतला आवाज दुसरीत झिरपतो, हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत असते. मग जंगूचा तो बारीक आवाज तरी दुसरीचाच कशावरून?

त्यांनी पहिलीवरून जंगूला गाठले. "जंगू, पहिलीचं टोक बोर्डावरून काढ, जमिनीले जोड, म्हणजे तिच्यातून आवाज झिरपणार नाई. मीबी जोडते. मग दुसरीवर बोलू."

दुसरीवर त्यांनी जयभीम घातला, कमळाचे विचारले. उत्तर नाही. थोड्या वेळाने पहिली पुन्हा जोडली, तेव्हा जंगू विचारत होता, "बाई, तुम्ही काऊन बोलल्या नाई?"

"मी बोलली ना."

"मले तर मुंगीबी नाई बोलली."

साहेबांनी ऐकून घेतले आणि तारा बदलायचे काम एक दिवस पुढे ढकलले. दुसरी तपासायला लाइनमन निघाला तो सोमाजी, इंदुताईंचा नवरा. निघताना त्याने विचारले, "तू घाबरून राह्यली का?"

"मी नाई घाबरत. तुम्ही लवकर जोडा."

सोमाजी आलापल्लीला उतरून जंगलातून पायी निघाला. मधूनमधून खांबावर चढायचे, हातातला फोन दुसरीच्या तारांना लावायचा, हँडल फिरवायचे. बराच वेळ गडचिरोलीच बोलत राहिली, एटापल्ली नाही. मग एका पाड्याच्या पुढे उलट झाले. तुटले होते ते या मधल्या तुकड्यात. पण खालून पाहता तार कुठेच तुटलेली दिसत नव्हती.

तो परत फिरला, तारेलगतच्या एका झाडावर चढला, तेव्हा दिसले. तारेची दोन टोके पळसाच्या मुळांच्या दोरीने एकमेकांना बांधलेली होती. गाठ पक्की, दोरी धुराने आणि पावसाने तारेच्याच रंगाची झालेली.

खाली सुकरी नावाची म्हातारी बैल घेऊन उभी होती. "तुटून लोंबत व्हती, दादा. बैलाच्या पायात गुंते. मग आमच्या बुढ्याले झाडावर चढवलं. चांगली बांधली ना?"

"चांगली बांधली, बाई," सोमाजी म्हणाला. "मले खालून समजलीच नाई."

त्याने तारेचा तुकडा घालून सांधा केला. सुकरीने आपली दोरी मागून घेतली आणि तिथेच बैलाच्या गळ्यात बांधली.

सोमाजीने फोन लावून हँडल फिरवले. या तपासणीसाठी पहिली लाइन सकाळपासून पुन्हा दोन्ही टोकांना काढून जमिनीला जोडलेली होती. आता जो आवाज येईल तो दुसरीचाच. इंदुताई बोलल्या. पलीकडून जंगू म्हणाला, "बाई, आज मी नाई सांगत. तिले सायकलवर बसवून आणलं. घ्या."

"आई, ताप उतरला," कमळा म्हणाली. आवाज अशक्त होता, पण जवळचा. कापड मध्ये नव्हते. गडचिरोलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई? तू काऊन रडून राह्यली?"

"मी कुठी रडून राह्यली? लाइन खरखरते."

"लाइन नाई खरखरत," झाडावरून त्याच लाइनवर सोमाजी म्हणाला. "मी आताच जोडली."