हे तिला सांगू नका

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. कंधारला आमच्या घरात तिचं म्हणणं इतरांना आणि इतरांचं तिला सांगायचं काम लहानपणापासून माझ्याकडंच होतं. मला वाटायचं, दुभाषी म्हणून आपल्याला आणखी काय शिकायचं राहिलंय? मग एकदा तिच्या जमिनीच्या कागदांसाठी आम्ही सरकारी कार्यालयात गेलो. मी हातवारे सुरू करताच साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोण?”

“धाकटी बहीण.”

“मग चालणार नाही. जमिनीत तुमचाही हिस्सा आहे. तुम्ही त्यांना काय सांगितलं आणि त्या काय म्हणाल्या, हे मला कसं कळणार? सांकेतिक भाषेचा नोंदणी केलेला दुभाषी आणा.”

मला राग आला. परतीच्या बसमध्ये मात्र पटलं, की माणूस बरोबर बोलत होता. नांदेडहून एका गृहस्थांना बोलवावं लागलं. कोट ना टाय, साधा माणूस. पण त्यांच्यासमोर माझी बहीण ज्या मोकळेपणानं बोलली, तशी ती माझ्याशीसुद्धा कधी बोलली नव्हती. त्याच वर्षी मी सांकेतिक भाषेच्या दुभाषी पदविकेला अर्ज केला. बारावी पास असणं एवढीच शिक्षणाची अट होती. सासरे म्हणाले, “तुला तर येतंच की. सर्टिफिकेट कशाला?” नवरा म्हणाला, “जाऊ द्या तिला.” आणि मी पुण्याला गेले.

दोन वर्षांचा कोर्स होता. आमचे सर स्वतः कर्णबधिर. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत त्यांना आमच्या घरच्या खुणा करून दाखवल्या. बाजाराचा दिवस म्हणजे डोक्यावर पाटी, आमचे मामा म्हणजे कानावर पेन्सिल. सरांनी शांतपणे बघितलं आणि फळ्यावर लिहिलं, “ही तुझ्या घरची बोली. गोड आहे. पण शेजारच्या घरात कुणाला कळणार नाही.” मग खरी भाषा शिकायला लागले. तिचं व्याकरण आहे, भुवया उचलल्या की प्रश्न होतो, हे मला तिशीच्या घरात कळलं.

भाषेपेक्षा अवघड होतं ते गप्प बसणं. एका चाचणीत पेशंट डॉक्टरला हातांनी नुसतं “दुखतंय” म्हणाला आणि मी ते बोलून सांगताना “जरा दुखतंय हो” म्हटलं. माझं रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून काढलं होतं, ते वाचून सरांनी गुण कापले. “‘जरा’ कुणी म्हटलं? ‘हो’ कुणी म्हटलं?” माझा आयुष्यभराचा लाघवी स्वभाव त्यांनी असा एकेक शब्द करून काढून टाकला. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा अनोळखी कर्णबधिर परीक्षकांपुढं झाली. पास झाले, दुभाष्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी परिषदेकडं नोंदणी झाली, नंबर मिळाला. हा नंबरही कायमचा नसतो. ठराविक काळानं पुन्हा प्रशिक्षणं करून तो जिवंत ठेवावा लागतो. मी ठेवलाय.

आता नांदेडला राहते. कोर्ट, दवाखाना, कॉलेज, जिथून बोलावणं येईल तिथं जाते. पण या कामाचा पुरता अर्थ मला कळला तो नायगावला, एका बघण्याच्या कार्यक्रमात.

मुलगी कर्णबधिर. नांदेडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. मुलगाही कर्णबधिर, लातूरला छापखान्यात. तिनं स्वतः व्हिडिओ कॉल करून मला बोलावलं. म्हणाली, “आम्ही दोघं आमचं बोलू. तू लागतेस ती ऐकणाऱ्या लोकांसाठी.”

मुलीला वडील नव्हते, सगळं मामा बघत. मुलाकडून त्याचे वडील आणि आत्या आलेले. बसताच मी सगळ्यांना सांगितलं, “या खोलीत जे बोललं जाईल ते मी या दोघांना सांगणार. आणि हे दोघं जे म्हणतील ते तुम्हाला. काही गाळणार नाही, काही घालणार नाही.”

“हाव हाव, म्याडम,” मामा म्हणाले. त्यांचं लक्ष पोह्यांच्या ताटल्यांकडं होतं.

सुरुवातीलाच गंमत झाली. मुलीनं हातांनी सांगितलं आणि मी तसंच मोठ्यानं म्हटलं, “मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही.” आत्याबाईंनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं. “अवं, तुमचं तर झालंय की लगीन!” दुभाषी दुसऱ्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगतो, हे त्यांना समजावलं. सगळे हसले, मी ते हसणंही दोघांना सांगितलं.

मग मामा मुलाच्या वडिलांकडं सरकले आणि आवाज जरा उतरवून म्हणाले, “याच्याआधी भोकरचं स्थळ आलतं. पोरगा बोलता-ऐकता होता. त्याला पोरगी पसंत होती, पण आम्हीच न्हाई म्हणून कळवलं. हिला वाटतं त्यानंच नाकारली.” माझे हात चालू होते. मामांचं लक्ष गेलं तसे ते घाईनं म्हणाले, “म्याडम, हे तिला सांगू नका.”

तोवर सांगून झालं होतं. मग मी तिला तेही सांगितलं, “म्याडम, हे तिला सांगू नका.”

मामा माझ्यावर ओरडले, “काय करून राहिल्या तुम्ही?” मी तेही तिला सांगितलं. त्या क्षणी सरांनी कापलेले सगळे गुण मला परत मिळाले.

मुलीनं मामांकडं सरळ बघत विचारलं, “का?” मी आवाज न चढवता, न उतरवता म्हटलं, “का?”

मामांनी पागोटं नीट केलं. मग म्हणाले, “बोलणाऱ्यांच्या घरात तुझं कोण ऐकणार होतं, माय? जन्मभर कोपऱ्यात बसली असतीस. मला ते बघवलं नसतं.”

“तुम्ही मला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “माझ्यात काय खोट आहे ते मी वर्षभर शोधत होते.”

मामांचे डोळे भरले. त्यांनी मला विचारलं, “ती लई रागावली का?” मी म्हटलं, “तुम्ही तिलाच विचारा, मी पोचवते.” त्यांनी विचारलं. तिनं उत्तर दिलं, “हो. पण आज तुम्ही विचारलंत.”

मग ती मुलाकडं वळली, दोघांनी आतल्या खोलीत जायचं ठरवलं आणि मला हातानंच ‘तू बाहेर बस’ म्हणाली. मी ओसरीवर आले. तिथून खिडकीतून दोघांचे हात स्वच्छ दिसत होते. मी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडं पाठ करून बसले.

आत्याबाई माझ्याजवळ आल्या. “काय बोलायलेत वो ते? बघा की जरा.”

“बघितलं की ऐकल्यासारखंच होतं, आत्या. ते त्यांचं बोलणं आहे.”

“मग तुम्हाला बोलवलंय कशाला?”

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं. त्या आधी फुरंगटल्या, मग माझ्याच शेजारी खिडकीकडं पाठ करून बसल्या.

चहा गार झाला, दुसरा आला. दोघं बाहेर आले. मुलानं सांगितलं, मी मोठ्यानं म्हटलं, “आज होकार नाही, नकारही नाही. आम्हाला अजून भेटायचंय. ती लातूरला येऊन माझी खोली बघणार, मी नांदेडला जाऊन तिचं ऑफिस बघणार. सोबत कुणी यायचं नाही.”

मुलाचे वडील मामांकडं बघू लागले. मामा मुलीकडं. “बरं,” ते म्हणाले, आणि ते पोचवायला माझी गरज पडली नाही. त्यांची मान हललेली तिनं पाहिली होती.

काही महिन्यांनी लग्न ठरलं. त्यानं लातूरचं काम सोडून सरळ नांदेडच्या छापखान्यात काम धरलं, कारण तिची नोकरी पक्की होती. हे त्यानं स्वतः ठरवलं. मला आमंत्रणाचा कॉल आला तेव्हा मी विचारलं, “किती वाजता पोचू? विधींचा अर्थ आधी वाचून ठेवते.”

“तू पाहुणी म्हणून ये,” ती म्हणाली. “दुभाषी आम्ही दुसरी ठरवली आहे.”

तिनं ठरवलेली मुलगी माझ्या मागच्या बॅचची होती. मांडवात ती पुढं उभी राहून सगळं नीट सांगत होती. मी आत्याबाईंच्या शेजारी पंगतीत बसले आणि पोटभर जेवले.