साखर कोणी घासायची

तफ्त गावात लग्न ठरलं की पहिला निरोप तूबाच्या दारी यायचा. वधूवरांपुढे जमिनीवर अंथरतात ते वस्त्र, त्याला तिकडे सोफ्रे म्हणतात, ते तिच्यासारखं कुणी शिवत नव्हतं. यज्द शहरातून आणलेलं जरीचं कापड, हिरवी किनार, कोपऱ्यात डाळिंबाची फुलं. आरसा कुठे येईल, कुराण कुठे उघडून ठेवायचं, त्या जागा ती आधी खडूनं आखून घ्यायची. त्याच्या जोडीला एक साधं पांढरं वस्त्रही शिवायची. लग्न लागताना बायका ते जोडप्याच्या डोक्यावर ताणून धरतात आणि एक जण त्यावर शंकूसारख्या दोन साखरेच्या ढेपा एकमेकींवर घासते. संसारात गोडी उतरावी म्हणून.

वस्त्र धरणाऱ्या काय, साखर घासणारी काय, सगळ्या सवाष्णी लागतात. त्याही सुखानं नांदणाऱ्या. तूबा वस्त्र घडी करून द्यायची आणि लग्नाच्या दिवशी चहाच्या सामोवारापाशी जाऊन बसायची.

तिचा नवरा यदुल्ला लग्नानंतर दीड वर्षानं लढाईवर गेला. एक पत्र आलं, मग सरकारी कागद आला: ठावठिकाणा नाही. लढाई संपली. कैद्यांना घेऊन बसगाड्या आल्या, तेव्हा त्याची आई खावर, घरात सगळे तिला नने म्हणत, तीन दिवस रस्त्यावर धूप घेऊन उभी होती. बसमधून दुसऱ्यांची मुलं उतरली. आता त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

गुरुवारी संध्याकाळी गावातल्या बायका खजूर आणि शिरा घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जात. तूबाला जायला कबर नव्हती. मोहरममध्ये आशूराच्या दिवशी मोठा लाकडी नख्ल, ताबूतासारखा सांगाडा, उचलायच्या आधी गेलेल्यांची नावं वाचत. नख्लावरचं काळं कापड तूबानंच टाचलेलं असे, पण यदुल्लाचं नाव त्यांत नसे. खावर घेऊ देत नव्हती. एकदा मशिदीतल्या आगांनी, म्हणजे मौलवींनी, हलक्या आवाजात तूबाला सांगितलं होतं, "बाई, अर्ज केलात तर लग्नातून मोकळीक मिळू शकते." तिनं मान खाली घातली आणि घरी येऊन सासूसाठी सूप केलं.

म्हणजे तिला रडायचाही हक्क नव्हता आणि मिरवायचाही. ती वाईट नव्हती, लोकही वाईट नव्हते. तिला काय म्हणावं, हेच कुणाला ठरवता येत नव्हतं, म्हणून कुणी काही म्हणत नसे.

मग थोरल्या दिराच्या मुलीचं, एलाहेचं लग्न निघालं.

एलाहेची आई, तूबाची जाऊ एश्रत, एका सकाळी आली. सूर्यफुलाच्या बियांची पुडी उघडून बसली.

"पांढरं झालं का?"

"झालं. कडेची हेम तेवढी राहिलीय."

"सुंदर झालंय हो." दोन बिया फोडल्या. "तूबा, नने म्हणतायत साखर तूच घासायची."

"मला नाही बोलल्या."

"मला बोलल्या. माझं काही नाही गं. लोक म्हणतात."

"लोक म्हणजे कोण, जाऊबाई?"

"लोक म्हणजे लोक. माझी बहीण."

"ती एकटीच?"

"ती बोलली म्हणजे चाळीस जणींचं झालं." एश्रतनं सालं पदरात गोळा केली. "तू मनगट दुखतं म्हण. शिवणकाम करतेस, कुणाला खोटं वाटायचं नाही. आणि सामोवारापाशी तुझ्यासारखं कुणी आहे का?"

आतल्या खोलीतून खावरचा आवाज आला, "माझे कान म्हातारे झालेत, गेलेले नाहीत. यदुल्लाची बायको साखर घासेल. नाहीतर आजीशिवाय लग्न लावा."

"नने, मी कुठे नाही म्हणाले?"

"मनगट कुणाचं दुखत होतं मग?"

एश्रत पुडी गुंडाळून गेली. तूबा सुई हातात धरून बसून राहिली. पुढे झाली आणि पोरीच्या संसारात उद्या काही उणं आलं, तर बोट तिच्याकडेच वळणार. मागे राहिली तर भरल्या मांडवात, सासूच्या देखत, यदुल्ला गेला असं म्हटल्यासारखं होणार. एलाहेला ती लहानपणापासून ओळखत होती. खावरला चौदा वर्षं भरवत होती. यातल्या कुणाला दुखवायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं. तिला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं का कोण जाणे.

दुपारच्या नमाजानंतर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मागणं मागायला तोंड उघडलं, पण काय मागावं ते सुचेना.

लग्नाच्या दिवशी सोफ्रे मांडायला यज्दहून एक बाई बोलावली होती, मेहीन नावाची. ठसठशीत, मोठ्या आवाजाची, एकेका बाईला जागेवर बसवणारी. एलाहे आरशासमोर बसली होती. आगा पलीकडच्या खोलीत पुरुषांत होते. तूबा वस्त्राच्या कडेची सुरकुती काढायला म्हणून वाकली, तेवढ्यात मेहीननं तिच्या हातात दोन्ही ढेपा ठेवल्या.

"तुम्हीच शिवलंत ना? मग तुम्हीच घासा. हात हलका दिसतोय." मग रिवाज म्हणून सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "खानुम, नवरा आहे ना तुमचा?"

चौदा वर्षांत तूबाला हे कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीशी खुर्चीवर बसलेली खावर म्हणाली, "आहे. सरहद्दीवर आहे."

"अजून सरहद्दीवर? शिपाई आहेत का?"

एश्रत मुलीच्या डोक्यावरचा पदर उगाच सारखा करत राहिली.

"माहीत नाही," तूबा म्हणाली.

मेहीनला ती थट्टा वाटली. "नवरा आहे की नाही तेच माहीत नाही? अहो, माझा तर घरात असून मला कळत नाही." दारापाशी एक पोर हसली, तिला कुणीतरी चिमटा काढला.

पलीकडून आगांनी विचारलं, "बायांनो, सुरू करू का?"

"चौदा वर्षं झाली," तूबा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आहे म्हटलं तर खोटं ठरेल. नाही म्हटलं तरी खोटं ठरेल. समोर कुराण उघडं आहे. मला खरंच माहीत नाही." तिनं ढेपा एश्रतच्या हातात दिल्या. "ज्यांना माहीत आहे त्यांनी घासावी."

एश्रतला हेच हवं होतं, तरी तिनं आधी एकदा खावरकडे पाहिलं. आगांनी नवरीला पहिल्यांदा विचारलं, लग्न कबूल आहे का. रिवाजाप्रमाणे बायकाच ओरडल्या, नवरी फुलं खुडायला गेलीय. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणे ती गुलाबपाणी आणायला गेली होती. तिसऱ्यांदा एलाहे आईवडिलांच्या परवानगीनं हो म्हणाली. साखरेचा चुरा पांढऱ्या कापडावर पडत राहिला, थोडा जास्तच. तूबा सामोवारापाशी गेली नाही. भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूला हातभर जागा मोकळी होती.

खावर त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. औषध दिलं की घ्यायची, चहा ठेवला की प्यायची. मधेच म्हणे, "एलाहेचा फोन आला का?" पण ते भिंतीला विचारल्यासारखं.

तिसरा दिवस गुरुवार होता. बाहेरून बायका शिऱ्याची भांडी घेऊन चालल्या होत्या. खावर मसूर निवडत बसली होती.

"आहे म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"काही नाही."

"मग?"

तूबा तिच्यासमोर बसली. "नने, तुम्हाला माहीत आहे का?"

खावरनं एक खडा वेचला, निरखून पाहिला, बाजूला टाकला. गल्लीतली पावलं दूर गेली.

"सकाळी उठते तेव्हा असतो," ती म्हणाली. "दुपार झाली की नसतो. संध्याकाळची अजान झाली की परत असतो. असं रोज."

"माझं उलटं आहे," तूबा म्हणाली. "सकाळी नसतो."

"आणि रात्री?"

"रात्री मी शिवत बसते."

खावरनं परातीतला अर्धा मसूर तिच्या बाजूला लोटला.

"सरक इकडे. या वेळचा मसूर फार खडेवाला आहे."