मला कोणी पकडलं नाही

सरांनी तोंडातली शिट्टी काढली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्याला कोणी हात लावू नका. बाप कशाने गेला ठाऊक आहे ना?"

मी नववीत होतो. कबड्डीत चढाई माझी होती. पनवेलजवळच्या आमच्या गावात पोर चालायला लागलं की कबड्डी खेळतं. मी दम धरून समोर घुसलो. समोरचे गडी मागे सरकले. मी पुढे, ते आणखी मागे. शेवटी सगळे रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. बाहेर गेलं की बाद. हरायला तयार, पण मला शिवायला नाही.

त्यांच्यात माझा सख्खा चुलतभाऊ होता. म्हणाला, "जा रं घरा. आमाला नको तुजी बेमारी."

बाप एड्सने गेला होता, पण मला एचआयव्ही नव्हता. तपासणी झाली होती. असता तरी पकडीने कोणाला लागला नसता. पुस्तकात तसं छापलेलं होतं. पण तो धडा आला की सर "घरी वाचा" म्हणून पानं उलटायचे.

मी दम सोडला आणि मातीत बसलो. "मी नाय उठनार. काढायचा तर हात धरून काढा."

कोणी आलं नाही. सरांनी खेळ पलीकडे हलवला. पाठीमागे त्यांचा आरडाओरडा ऐकत मी बसून राहिलो. त्यानंतर शाळेत गेलो नाही.

बाजारात पाट्या उचलल्या. भांडलो. घासाघीस शिकलो. आज नवीन पनवेलमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. परवा त्याच शाळेचे आताचे मुख्याध्यापक आले. छपराला पत्रे हवे होते.

"देतो. पण एचआयव्हीचा तास घ्या. मुलं-मुली एकत्र. सरकारी दवाखान्यातून माणूस बोलवा. शिक्षकांनीही बसायचं."

"शेठ, गाव काय म्हणेल? फक्त मुलांचा घेऊ."

"नाही."

"मग पत्रे अर्धेच द्या," ते हसले. "तशी एक मुलगी आहे आमच्याकडे. आईबाप त्यातच गेले. तिला वेगळ्या बाकावर बसवतो. कोणाची तक्रार नाही."

माझं डोकं फिरलं. "तिला विचारलंत?"

शेजारचे दुकानदार बाहेर आले, एवढ्याने ओरडलो. मुख्याध्यापक चहा टाकून गेले.

आता गाव म्हणतं, पोरांच्या डोक्यावरचं छप्पर अडवलं. चुलतभाऊ फोन उचलत नाही. नाही तर नाही. सोमवारी मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन जातोय. त्या मुलीचा बाक ओळीत येईपर्यंत, तो तास भरवर्गात होईपर्यंत माझा भाव एकच. गावात माझ्याशी बोलणारं एकही माणूस उरलं नाही तरी.