थोरला काशीला गेला

जुन्या पुस्तकांची दुकानं बंद पडली की लोक हल्ली फार गळे काढतात. माझ्याकडेही येतात, "बाई, काही आठवणी सांगा" म्हणत, आणि चेहरा घरूनच पाडून आणलेला. मी त्यांना सांगते, आमचं अकोल्याचं दुकान बंद पडलं तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो होतो. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर चहा घ्या आणि चालते व्हा.

दुकान माणिकबाईंचं. म्हणजे खरं त्यांच्या नवऱ्याचं, शालिकरामचं. माळ्याचं घर, मोर्णा नदीच्या काठी मळा, त्यात पेरू, बोरं आणि फुलं. फळं बांधून द्यायला शालिकराम वकिलांच्या घरची रद्दी आणी आणि त्या रद्दीत कादंबऱ्या येत. पहिली कादंबरी त्याने फाडायला घेतली ती उभ्या उभ्या वाचतच राहिला. गिऱ्हाईक कंटाळून पेरू पदरात घेऊन गेलं. त्यानंतर त्याने पुस्तक फाडलं नाही. जुन्या शहरात एक खोली घेतली, पुढे फुलं मांडली, मागे पुस्तकं. संध्याकाळी तो वाचायचा आणि माणिकबाई ऐकायच्या. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण एकदा कानावरून गेलेली गोष्ट जन्मात विसरत नसत.

शालिकराम गेला आणि मुलांत भांडण लागलं. शेषराव थोरला, भगवंत धाकटा. भांडण कशावरून, तर दुकानाच्या पाटीवर आधी नाव कोणाचं! शेवटी वाटणीला नत्थुजी पंच आले. नत्थुजींनी आयुष्यभर संत्र्याचे बगीचे वाटलेले. बगीच्यात एक ओळ थोरल्याची, एक धाकट्याची, म्हणजे चांगली जमीन एकट्याच्या पदरात पडत नाही. तोच न्याय त्यांनी पुस्तकांना लावला. हे शेषरावचं, पुढचं भगवंतचं, त्यापुढचं शेषरावचं. त्या काळी कादंबऱ्या चार-चार, सहा-सहा भागांच्या असत. पहिला, तिसरा, पाचवा अकोल्यात राहिला. दुसरा, चौथा, सहावा घेऊन भगवंत अमरावतीला गेला आणि तिथे दुकान थाटून बसला.

कोणीतरी भीत भीत म्हणालं, "नत्थुजी, हे पुस्तक एकच हाये ना जी."

"बगीचाबी एकच व्हता," नत्थुजी म्हणाले, आणि विषय संपला.

मायसुद्धा वाटली गेली. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

झालं! सगळं वऱ्हाड अर्धं अर्धं वाचू लागलं. अकोल्यात ज्यांना सवड होती त्यांच्या आत्या-मावश्या अचानक अमरावतीला आजारी पडू लागल्या. बाकीचे माणिकबाईंकडे येत. बाई दोन्हीकडे राहिलेल्या, दोन्हीकडच्या सुनांकडून वाचून घेतलेलं, त्यामुळे अख्खी गोष्ट फक्त त्यांच्याकडे. उंबऱ्यात बसून गजरे ओवता ओवता मधला भाग सांगत. "पाचवा घेतला काय जी? मंग बसा, चौथा सांगतो." शेषराव गल्ल्यावर बसून ऐकत असे. दोघा भावांनी स्वतः मात्र कधी पुस्तक उघडलं नाही. हलवाई कुठे पेढे खातो?

माझे वडील केशवराव वकील. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. नाना एका सहा भागांच्या कादंबरीत पार बुडाले होते. दोन राजपुत्र, सख्खे भाऊ, एक सिंहासन. तिची साऱ्या वऱ्हाडात एकच प्रत होती, तीही वाटलेली. चौथ्या भागात लढाई. माणिकबाईंनी सांगितलं की ऐन रणात धाकट्याने तलवार टाकली, थोरल्याच्या गळ्यात पडून रडला आणि मग थोरला काशीला गेला. नानांनी पाचवा भाग वाचला. त्यात थोरल्याचं नावसुद्धा नाही. बरोबरच आहे, काशीला गेलाय ना! कोर्टाच्या बाररूममध्ये दोन तट पडले. सहाव्या भागात तो परत येतो म्हणणारे आणि येत नाही म्हणणारे. नाना येतो-वाले. फार चिडून येतो-वाले.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले. मुलगी कॉलेजात म्हणजे तेव्हा लोक माना वळवून बघत. मी कधी लक्ष दिलं नाही, आजही देत नाही. नानांनी पत्रातून हुकूम केला, सहावा भाग घे. मी भगवंताच्या दुकानात गेले.

"चौथ्याले न सहाव्याले वाळवी लागली," भगवंत म्हणाला. "माय म्हने."

माणिकबाई तेव्हा तिथेच होत्या. मला परसात नेलं, आपली पत्र्याची पेटी उघडली आणि लुगड्यांखालून दोन्ही भाग काढले. वाळवीचा एक दात लागलेला नाही!

"सूनबाईचे डोये दुखते. तू वाच."

मी चौथा वाचू लागले. लढाई आली. धाकट्याने तलवार उपसली आणि थोरल्याच्या छातीत खुपसली. मी थांबले.

"आजी! हा तर मेला!"

"हाव."

"मग काशी?"

"हळू बोल व पोट्टे!" त्यांनी दुकानाकडे पाहिलं. "अकोल्याले शेषराव आयकत बसते. मी त्याच्या तोंडावर कशी सांगू, धाकट्यानं थोरल्याले मारलं म्हून?"

"पण पाचव्यात तो नाहीच."

"काशी लांब हाये. लवकर कोन येते?"

"आणि सहाव्यात?"

बाईंनी गजऱ्याची गाठ मारली. "त्याचाच तं इचार करून राहिली मी." मग म्हणाल्या, "मले दोघायले एकाच वेळेस वाढायचं हाये. दुसरं काई नाई पायजे. एकाले वाढलं का दुसऱ्याची भाकर तव्यावर करपून राहिली वाटते."

मी नानांना वाळवीचंच कळवलं. मायची अदलाबदल बडनेरा स्टेशनावर होत असे. भगवंत अमरावतीच्या गाडीने आणून तिला बाकावर बसवी आणि नळाकडे जाऊन पाठ करून उभा राही. मग दुसऱ्या टोकाकडून शेषराव येई आणि गाठोडं उचली. भाऊ भावाशी बोलत नसे. त्या दिवाळीत नाना मला न्यायला आले होते, म्हणून पुढचं सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. शेषरावने गाठोड्याला हात घातला आणि माणिकबाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"ठेव. मी कोठंच येत नाई."

"माय, गाडी येऊन राहिली!"

"येऊ दे. इथं पानी हाये, सावली हाये. आता मी बडनेऱ्याची."

नाना धावले. "अहो माणिकबाई! आणि सहावा भाग?"

"सहावा गेला चुलीत."

"पण थोरला! काशीहून येतो की नाही?"

"ते या दोघायले इचारा, वकीलसायेब. हे एका दुकानात बसतीन, एका पंगतीत जेवतीन, तं थोरला येईन. नाई तं राहीन तिकडंच, गंगेत डुबक्या मारत."

नानांचा तोल गेला. एरवी न्यायाधीशापुढेही आवाज न चढवणारे माझे वडील फलाटाच्या या टोकाहून त्या टोकाला पळू लागले. "शेषराव, काही माणुसकी? भगवंतराव, वर्ष झालं मी त्या माणसाची वाट बघतोय!" गाडी आली. डब्यातल्या अकोलेकरांनी नानांना ओळखलं आणि खिडकीतून ओरडले, "काय झालं, आला काय काशीवाला?" कळल्यावर चार-पाच जण सामानासकट खाली उतरले. गार्ड शिट्टी वाजवून वाजवून लाल झाला आणि शेवटी आम्हाला तिथेच टाकून गाडी घेऊन गेला.

धूर विरला. भगवंत नळाजवळून थोडा पुढे आला.

"दादा," तो म्हणाला, "टोपीले कोयसा लागला तुह्या."

शेषरावने टोपी काढली आणि भलतीकडेच घासू लागला.

"तिकडं नाई. आन इकडं." भगवंताने ती आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली. डाग चांगला वीतभर पसरला. माणिकबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, मग मी, मग अख्खा फलाट. शेषराव ती काळी टोपी तशीच घालून म्हणाला, "अन् पाटी?"

"मायचं नाव टाकू. आपलं कोनाचंच नको."

भगवंत अमरावतीचं सगळं दुकान बैलबंडीत घालून अकोल्याला आला. मायची पेटीही त्यानेच उतरवली. वाळवी लागलेली पुस्तकं धडधाकट बघून त्याने ती खुशाल फळीवर मांडली. जोड्या लागल्या, आणि काय गर्दी सांगू! मास्तर, वकील, कापसाच्या जिनिंगचे मुनीम, जठारपेठेतल्या बायका एकमेकींना कोपरं मारत आत घुसत होत्या. आमच्या शाळेचे हेडमास्तर दुसऱ्या एका कादंबरीचे चारही भाग छातीशी धरून रस्त्यातून चक्क पळाले. दिवाळी सरायच्या आत फळ्या रिकाम्या झाल्या.

आणि मग मंडळींच्या ध्यानात आलं की दुकान चालत होतं ते अर्धवटपणावर. पूर्वी लोक वैतागून आपला अर्धा भाग परत आणून विकत, म्हणजे दुकानाला माल मिळे. आता पुरं पुस्तक कोण परत देतो? ज्याने त्याने कपाटाला कुलूप लावलं. मीही लावलं, अजून आहे. रिकाम्या फळ्यांवर भावांनी पेरू मांडले, आणि पाटीवर नाव राहिलं माणिकबाईंचं.

लोकांनी हळहळायला नुकती सुरुवात केली होती, तोच एका दुपारी नाना चौथा आणि सहावा भाग काखेत मारून, अनवाणी, तिथे पोचले. मी मागून पळत. बाई उंबऱ्यात बसल्या होत्या, हाताला पीठ लागलेलं.

"माणिकबाई! मेला की हो तो! सरळ खून आहे खून! धाकट्यानेच! आणि तुम्ही त्याला काशीला—"

माणिकबाईंनी पिठाचा हात ओठांवर ठेवला. नाक पांढरं झालं.

"हळू बोला, वकीलसायेब. अंदर दोघं जेवून राहिले."