इन्सुलिनचा धाकटा भाऊ

डिलाईल रोडवरच्या ज्या खानावळीत मी जेवत असे, तिच्या मालकीणबाईंचे धाकटे दीर हे मुंबईतले एकमेव गृहस्थ असावेत, जे कामावरही नव्हते आणि बेकारही नव्हते. गिरण्यांचा संप कोणी रीतसर मागे घेतलेला नाही, सबब आपण संपावर आहोत, असे ते त्यांच्या गिरणीच्या आवारात काचेची कचेरी उभी राहिल्यानंतरही ठामपणे सांगत. हे सांगण्याचे बळ त्यांना वहिनींच्या बांगड्याच्या कालवणातून मिळत असे, याचा उल्लेख मात्र त्यांच्या भाषणात कधी आला नाही.

पुढे त्यांना मधुमेह झाला आणि तळपाय बधिर होऊ लागले. रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने, बहुधा पिच्छा सोडवण्यासाठी, त्यांना सांगितले की इन्सुलिनशी मिळतीजुळती घडण असलेले एक वाढीचे द्रव्य शरीरातच असते. साखर आणि दाह यांच्या माऱ्याने मज्जातंतूंच्या पेशी मरणाला टेकल्या की ते त्यांना तगवून धरते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. डॉक्टर पुढेही बरेच बोलले. ह्यांनी तेवढेच ऐकले. त्या दिवसापासून खानावळीत कोणाचा घास सुखाने उतरला नाही. "इन्सुलिन हा मालकाचा माणूस," ते पंगतीत उभे राहून सांगत. "साखर उचलायची, गोदामात टाकायची, एवढंच त्याला ठाऊक. त्याचा धाकटा भाऊ, ते वाढीचं द्रव्य, मात्र आपला. पेशी जीव द्यायला निघते ना, तेव्हा हा तिच्या दारात जाऊन म्हणतो, बाई, आजचा दिवस काढ. आतली आगही हाच शमवतो." ऐकणाऱ्याचा भात निवला तरी आग शमत नसे. हे द्रव्य कामगारांना मोफत मिळावे म्हणून त्यांनी माझ्याकडून मंत्रिमहोदयांना अर्जही लिहवून घेतला. 'अर्जदार : समस्त मज्जातंतू, राहणार तळपाय' अशी त्याची सुरुवात होती. अर्ज लिहून देण्याच्या माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात याहून नेटका मसुदा माझ्या हातून उतरलेला नाही. उत्तर आले नाही.

डॉक्टरांच्या बोलण्याचा उरलेला भाग असा होता की, हे द्रव्य औषध म्हणून अजून हाती आलेले नाही; तोवर इन्सुलिन टोचून घ्यावे आणि तळपाय रोज कोणाला तरी दाखवावेत, कारण जे जाणवत नाही ते डोळ्यांनीच पाहावे लागते. पैकी इन्सुलिन टोचून घेणे म्हणजे मालकाशी तडजोड. आणि तळपाय दाखवणार कोणाला? पोटामुळे स्वतःला वाकता येईना. लग्न केलेले नव्हते. घरात एकट्या वहिनी, आणि वडीलधाऱ्या वहिनीचा हात धाकट्या दिराच्या पायाला लागणे त्यांना मान्य नव्हते. देव, मालक आणि सरकार यांपैकी कोणालाही न मानणारा हा मनुष्य या एका बाबतीत तसूभर हलायला तयार नव्हता.

एके दुपारी भाषण ऐन रंगात असताना फरशीवर लाल पावले उमटली. प्रथम ती त्यांनाच दिसली. भाषण थांबवून त्यांनी दरडावून विचारले, कोणाचा पाय कापलाय? एकाने उष्ट्या हातानेच त्यांच्या पायाकडे बोट दाखवले. चपलेतला खिळा तळव्यात पार रुतला होता. यापुढे अशी हयगय झाली तर पाऊल कापावे लागेल, असे रुग्णालयात त्यांना बजावण्यात आले.

त्या संध्याकाळी वहिनी चुलीपासून उठल्या आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसल्या. ह्यांनी पाय बाकाखाली ओढले.

"वहिनी, पाप लागेल मला."

"हो दिराचो पाय न्हय, दुखणेकऱ्याचो पाय हा. हडे करा," वहिनी मालवणीत म्हणाल्या. "आणि तुमचो तो धाकटो येतलो तेव्हा येतलो. थोरलो दारात इलो हा, तेका आधी आत घेवा."

दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने इन्सुलिन टोचून घेऊन आले. पाऊल वाचले, गेलेली जाण मात्र परत आली नाही. डॉक्टरांनी तसे वहिनींनाही सांगितले होते. तरी रोज संध्याकाळी, गिऱ्हाइके येण्यापूर्वी, त्या दिराचा पाय मांडीवर घेत, तळवा उजेडाकडे वळवून निरखून पाहत आणि मग एकेक बोट दाबून विचारीत, "कळता?"

रस्त्याकडे तोंड करून ते म्हणत, "कळता."

मी समोरच्या बाकावर बसलेला असे. पुष्कळदा वहिनींचा हात बोटापर्यंत पोहोचलेलाही नसे आणि त्यांचे उत्तर आलेले असे. वहिनी मान हलवीत, आणि पुढच्या बोटाकडे वळत.