समई कपाटात

लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, आणि रखमाबाईंच्या घरातली बटणंच गेली. माणूस आत आला की दिवा आपोआप लागायचा. त्यांच्या मुलाला, सुशांतला, त्याचं कोण कौतुक! रखमाबाईंना मात्र शिसारी यायची. समईच्या धुरानं छतातला आगीचा भोंगा वाजतो म्हणून ती कपाटात गेलेली.

तिन्हीसांजेला त्या देवापुढे डोळे मिटून बसल्या. उघडले तर मिट्ट काळोख.

"आई, जरा हात हलव," सुशांत बाहेरून ओरडला. "हललं नाही तर त्याला वाटतं, खोलीत कुणी नाही."

रखमाबाईंनी चाचपडत समई काढली, पेटवली. भोंगा केकाटला.

"वाजू दे मेल्याला! मी गेले की उशाशी हीच लाव. तुझा दिवा मला जिवंतपणीच मढं समजतो."